जुन्या जीप-पिकअपचे अडकलेले मीटर-पॅनेल कसे काढावे



कांद्याच्या गोण्या, दुधाचे कॅन, खताची पोती आणि लग्नसराईत वऱ्हाडसुद्धा वाहून नेणारी जुनी जीप-पिकअप अजून पुष्कळ वस्त्यांवर उभी दिसते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि त्याच घडणीवर पुढे आपल्याकडे कितीतरी गाड्या निघाल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची इंजिने बदलली, पेट्रोलची डिझेल झाली, मागचा हौदा नवा बसला. पण स्टिअरिंगसमोरच्या पत्र्यातले मीटर तेवढे मूळचेच राहिले, आणि नेमके तेच बंद पडलेले असतात.

"मीटर बंद असला म्हणून काय झालं, गाडी तर चालतेय ना," असे उत्तर हमखास ऐकायला मिळते. स्पीड मीटर बंद असला तर एक वेळ ठीक. पण पाण्याचा काटा आणि ऑईलचा काटा बंद असताना रात्रीच्या वेळी भरल्या गाडीने घाट चढणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून विहिरीच्या काठाने चालणे आहे. पट्टा तुटला, पाणी तापले, हे बॉनेटमधून वाफ येईपर्यंत कळत नाही. तोपर्यंत हेडचे पॅकिंग गेलेले असते, कधी हेडच वाकलेले असते. ऑईलचा दाब गेला तर बेअरिंग धरायला काही मिनिटे पुरतात. म्हणून मीटर दुरुस्त करणे ही हौस नव्हे.

अडचण अशी की दुरुस्तीसाठी पॅनेल बाहेर काढायचे तर ते जागचे हलत नाही. वीस-तीस वर्षांत नट गंजतात, काचेभोवतीचे रबर पत्र्याला चिकटते, त्यावर रंगाचे दोन-तीन हात चढतात. मग कोणीतरी पेचकस घालून समोरून उचकटतो, एक हिसडा देतो, आणि पॅनेल येते खरे, पण मागची नळी तुटून येते. दोनशे रुपयांत भागले असते ते काम मग हजारांवर जाते. अडकलेले पॅनेल कशाने तरी धरून ठेवलेले असते. काय धरून ठेवते आहे ते मागून हात घालून आधी शोधावे, ते सोडवावे, मग पॅनेल दोन बोटांनी बाहेर येते. हे पत्रक त्या शोधाबद्दलच आहे.

काढायची गरज आहे का, ते आधी पाहा

पुष्कळदा मीटर चांगला असतो आणि दोष दुसरीकडेच असतो. सगळेच काटे एकदम मेले असतील किंवा वेडेवाकडे हलत असतील तर सगळे मीटर एकाच वेळी बिघडले असे समजू नये. एक तर त्यांना करंट देणारी वायर किंवा फ्यूज गेला असेल, नाहीतर पॅनेलची अर्थिंग गेली असेल. दिवे लावल्याबरोबर डिझेलचा काटा आपला आपण सरकतो का, हे पाहावे. सरकत असेल तर अर्थिंगचीच शंका घ्यावी. पॅनेलच्या पत्र्यापासून चॅसीच्या घासून स्वच्छ केलेल्या जागेपर्यंत एक वायर तात्पुरती जोडून पाहिली की लगेच कळते.

एकटा डिझेलचा काटा बंद असेल तर टाकीवरच्या फ्लोटची वायर काढावी, चॅसीला पक्की बांधावी आणि मग चावी फिरवावी. काटा एका टोकाला गेला पाहिजे. चावी बंद करून वायर मोकळी सोडावी, पुन्हा चावी फिरवावी, काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. तसे झाले तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत, दोष टाकीतल्या फ्लोटमध्ये आहे आणि पॅनेलला हात लावायचे कारणच नाही. चावी फार वेळ चालू ठेवू नये. वायर बांधताना आणि सोडताना चावी बंद ठेवायची, ही गोष्ट पेट्रोलच्या गाडीत तर कधीच विसरू नका. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते.

बॅटरी, पाने आणि उजेड

पॅनेल काढायचेच ठरले तर पहिले काम बॅटरी सोडण्याचे. जी वायर चॅसीला जोडलेली आहे ती आधी सोडावी. बहुतेक गाड्यांत ती उणे टोकाची असते, पण डोळ्यांनी पाहून खात्री करावी. दुसरी वायर आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. नुसती चावी बंद करून भागत नाही, बरं का. जुन्या गाडीत अँपिअर मीटर असतो आणि त्याच्या मागच्या दोन जाड वायरींत चावी बंद असतानाही करंट असतो. त्यातली एक वायर सुटून पत्र्याला लागली की मध्ये फ्यूज नसल्यामुळे वायर लाल होते, वेष्टण जळते आणि डॅशबोर्डमागून धूर निघतो. गाडी गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभी असेल तर पुढचे सांगायला नको.

विलीज घडणीच्या गाडीला इंची पाने लागतात. मिलिमीटरचा जवळपासचा पाना बसवून जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट कोणालाच दाद देत नाही. मात्र इंजिन किंवा वायरिंग नंतर बदललेले असेल तर एकाच गाडीत दोन्ही मापे निघतात. पाना घट्ट बसतो की खुळखुळतो, हे बोटाला कळते.

टॉर्च, लहान आरसा आणि मोबाईल एवढे जवळ ठेवावे. हात पोहोचतो पण डोळा पोहोचत नाही अशा जागी मोबाईल आत धरून फोटो काढावा. कोणती वायर कुठे आहे, कुठल्या नटाला पट्टी आहे, सगळे दिसते. पूर्वी मेस्त्री लोक वायरीला रंगीत दोरे बांधायचे. ती पद्धत आजही चांगली आहे, कारण जुन्या वायरींचे रंग धुळीने सारखेच झालेले असतात आणि फोटोत सगळ्या काळ्याच दिसतात. कागदाची चिठ्ठी बांधून तिच्यावर "डिझेल", "दिवा", "चावीकडून" असे लिहिले की परत बसवताना डोके खाजवावे लागत नाही.

आत हात घालण्यापूर्वी काठी फिरवावी. वस्तीवरची गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की डॅशबोर्डमागे उंदीर घर करतात. चिंध्या, भुईमुगाची टरफले, कुरतडलेल्या वायरी असे बरेच काही निघते. उंदरामागे कधी सापही येतो. ही गंमत म्हणून सांगत नाही.

पॅनेलला धरून कोण बसले आहे

पॅनेलच्या मागे साधारण पाच गोष्टी असतात: स्पीड मीटरची केबल, ऑईलची नळी, पाण्याच्या काट्याची बारीक नळी, वायरी आणि पॅनेल पत्र्याला आवळणारी पट्टी. प्रत्येक गाडीत पाचही असतील असे नाही. काही गाड्यांत ऑईलचा आणि पाण्याचा काटा विजेवर चालतो, तिथे नळ्या नसतात, नुसती एकेक वायर असते. म्हणून आधी बघावे.

सगळ्यांत जास्त नुकसान होते ते पाण्याच्या काट्याच्या नळीचे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. ही नळी तांब्याची, आगकाडीपेक्षाही बारीक असते. पुष्कळदा तिच्यावर तारेचे वेटोळे चढवलेले असते, त्यामुळे ती वायरच वाटते. तिचे एक टोक मीटरला कायमचे झाळलेले असते आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढा गोळा असतो, तो इंजिनाच्या हेडमध्ये पाण्यात बुडालेला असतो. गोळ्यात ईथरसारखा पटकन उडून जाणारा द्रव भरलेला असतो. पाणी तापले की त्याची वाफ होते, वाफेचा दाब नळीतून मीटरपर्यंत येतो आणि काटा उचलतो. म्हणजे मीटर, नळी आणि गोळा ही एकच वस्तू आहे. नळीला बारीक चीर पडली तरी आतला द्रव निघून जातो आणि काटा कायमचा "थंड"वर बसतो. तो गावात दुरुस्त होत नाही, सगळा संचच बदलावा लागतो. वाईट हे की असा मेलेला काटा खोटे सांगतो. इंजिन उकळत असले तरी तो थंडच दाखवणार.

तेव्हा ही नळी कापायची नाही, मोडून दुमडायची नाही आणि मीटरकडून खोलायलाही जायचे नाही. इंजिनकडून मीटरपर्यंत तिचा माग काढावा. वाटेत ती क्लिपांनी धरलेली असते, त्या क्लिपा सोडाव्यात. पत्र्यातल्या भोकात रबराची गुंडी असते, ती सैल करावी. एवढ्याने बहुधा वीतभर ढील मिळते आणि पॅनेल पुढे ओढून मागचे काम करता येते. मीटर पूर्णच बाहेर न्यायचा असेल तर गोळा काढावा लागेल. त्यासाठी इंजिन अगदी गार होऊ द्यावे, रेडिएटरचे पाणी गोळ्याच्या पातळीखाली येईल इतके सोडावे, मग हेडवरचा नट सोडून गोळा अलगद ओढावा. नटाबरोबर गोळा आणि नळी पिळली जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे. गोळा चुन्याने आणि गंजाने भोकात धरलेला असतो, म्हणून पक्कडीने उपटू नये. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे.

ऑईलची नळी त्यापेक्षा जाड असते आणि तिच्यात इंजिनाचे ऑईल भरलेले असते. तिचा नट सोडताना दोन पाने लावावेत. एकाने मीटरची मान धरावी, दुसऱ्याने नट फिरवावा. एकच पाना लावला तर नटाबरोबर मीटरची मानच पिळवटते. खाली फडके धरावे, थोडे ऑईल सांडेल. ही नळी सुटलेली असताना कोणी चुकूनही इंजिन चालू करता कामा नये, नाहीतर इंजिनातले ऑईल पिचकारीसारखे केबिनमध्ये येते. घरात हौशी पोरे असतील तर चावी खिशात ठेवावी.

तांब्याची जुनी नळी हादरे खाऊन कडक आणि ठिसूळ झालेली असते, वाकवली की तडकते. नळी पूर्ण सोडून बाहेर काढली असेल आणि आतले ऑईल पुसून काढले असेल तर ती तापवून लाल करावी आणि पाण्यात बुडवावी. तांबे मऊ होते. लोखंडाच्या उलट आहे हे. अर्थात हे फक्त ऑईलच्या नळीला. पाण्याच्या काट्याची नळी तापवायला जाऊ नका.

स्पीड मीटरची केबल एका खाचा पाडलेल्या गोल नटाने मीटरला लावलेली असते. तो हाताने सुटला पाहिजे. सुटत नसेल तर त्यावर फडके गुंडाळून पक्कडीने हलकेच फिरवावा. तरीही ऐकत नसेल तर गिअरकडचे टोक सोडावे आणि केबल पॅनेलबरोबरच बाहेर येऊ द्यावी. केबल निघालीच आहे तर आतली तार ओढून पुसावी आणि हलके ग्रीस लावावे, पण खालच्या दोन-तृतीयांश भागालाच. मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवावा. तार फिरताना ग्रीस वर चढते आणि मीटरमध्ये शिरून त्याला बिघडवते. मीटरच्या आत तर तेलाचा थेंबही घालू नये. तिथे चुंबक आणि ॲल्युमिनियमची वाटी एकमेकांना न टेकता फिरत असतात, तेल गेले की काटा अडखळतो.

पट्टी आणि तिचे गंजलेले नट

आता उरली पट्टी. मीटरच्या पाठीवर दोन बारीक खिळ्यांसारखे स्टड असतात, त्यावर घोड्याच्या नालासारखी वाकवलेली पट्टी बसते आणि वरून नट आवळलेले असतात. यातल्याच एखाद्या नटाखाली अर्थिंगची वायर असते, ती विसरायची नाही. हे स्टड नाजूक असतात. हिसका दिला की मुळातून तुटतात.

घाई इथेच नडते. संध्याकाळी काडीच्या टोकाने नटाच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल थेंब-थेंब सोडावे. बाजारात त्याचा स्प्रे मिळतो. तो नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑईल मिसळूनही काम होते, फक्त वेळ जास्त लागतो. स्प्रे सरळ मीटरवर मारू नये, फडक्यावर घेऊन लावावा. सकाळी पाना लावून नट आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. आवळताना गंजाची पकड मोडते आणि "कट्" असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की निम्मे काम झाले. मग पाव आटा सोडा, परत थोडा आवळा, पुन्हा सोडा. नट कोरडा वाटला की आणखी एक थेंब द्या.

तरी हलला नाही तर गॅसची ज्योत डॅशबोर्डमागे नेऊ नका. तिथे वायरी आहेत, पेट्रोलच्या गाडीत वाफही असते. झाळकामाची विजेची इस्त्री मिळते तिचे टोक नटावर पाच मिनिटे टेकवून ठेवावे, तेही लावलेले तेल पुसून झाल्यावर. नट तेवढाच तापतो, फुगतो आणि सैल होतो.

काही पिकअपमध्ये पट्टी नसते, पॅनेल समोरून चार स्क्रूंनी बसवलेले असते. तिथे स्क्रूची खाच रंगाने बुजलेली असते. सुईने ती साफ करावी, मग बरोब्बर मापाचा पेचकस लावावा. खाच झिजली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये ठेवून दाबून फिरवावे, पकड मिळते.

पॅनेल बाहेर काढताना

सगळे सोडवूनही पॅनेल हलत नसेल तर आता फक्त रबर आणि रंग उरला. कडेने ब्लेड फिरवून रंगाचा थर कापावा. गरम पाण्यात पिळलेले फडके रबरावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, रबर नरमते. मग मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा कडेखाली घालून करवतीसारखा ओढत सगळीकडून फिरवावा. पेचकसाने उचकटू नका. काच तडकते आणि पत्राही वाकतो. मागून दोन्ही अंगठ्यांनी आळीपाळीने दाबावे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

बोटभर बाहेर आले की थांबा. टॉर्च लावून मागे पुन्हा बघा. एखादी विसरलेली वायर किंवा दिव्याचा होल्डर ताणलेला दिसेलच. होल्डर ओढून निघतात. पॅनेल स्टिअरिंगच्या दांड्याला अडत असेल तर दांड्याची वरची कंस-पट्टी सैल करावी लागते. तसे केले तर काम संपल्यावर ते बोल्ट सगळ्यांत आधी आवळून ठेवा, शेवटावर टाकू नका. स्टिअरिंगचा प्रश्न आहे.

परत बसवण्यापूर्वी

पॅनेल हातात आले म्हणजे वायरींची टोके काचकागदाने चकचकीत करावीत. आपल्या गाड्यांत खताची पोती येतात. खताची धूळ हवेतला ओलावा धरते आणि तांबे-पितळ हिरवे करून टाकते. मीटर पाण्याने धुऊ नये, कोरड्या ब्रशने झाडावा. उंदराने कुरतडलेली वायर नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडू नका, तुकडा बदला. जळालेले बल्ब याच वेळी बदलून घ्या, दोन बल्बांसाठी हा खटाटोप पुन्हा कोणी करणार नाही.

पाण्याचा काटा तपासायची सोपी रीत आहे. गोळा काढलेलाच असेल तर तो उकळत्या पाण्याच्या डब्यात धरावा. काटा हळूहळू वर चढला आणि बाहेर काढल्यावर खाली आला तर मीटर जिवंत आहे. यासाठी घरातले चहाचे पातेले घेऊ नका. रेडिएटरच्या पाण्यात कूलंट असते आणि ते विषारी आहे.

बसवताना पट्टीचे नट हाताने आवळून वर पाव आटाच द्यावा. स्टडना थोडी व्हॅसलीन लावली तर पुढच्या वेळी असा त्रास होणार नाही. अर्थिंगची वायर घासलेल्या, रंग नसलेल्या जागीच लावा. पाण्याच्या नळीचे वेटोळे मोठे आणि सैल ठेवा, आणि ती तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपजवळून किंवा पंख्याजवळून जात नाही ना, ते बघा. काढलेल्या क्लिपा सगळ्या परत लावा. मोकळी लोंबकळणारी नळी हादऱ्याने सहा महिन्यांत तुटते.

बॅटरी जोडताना क्रम उलटा, म्हणजे चॅसीची वायर सर्वांत शेवटी. ती टेकवताना सगळी बटणे बंद असूनही मोठी ठिणगी उडाली तर लगेच मागे घ्या, आत कुठेतरी वायर पत्र्याला लागली आहे. सगळे ठीक असेल तर पॅनेल पूर्ण आवळण्यापूर्वीच रेडिएटर भरून इंजिन चालू करावे. ऑईलचा काटा काही सेकंदांत उठला पाहिजे. नाही उठला तर इंजिन बंद करा आणि नळीचा सांधा पाहा. उठला तरी सांध्याला कोरडे बोट लावून गळती बघा. अँपिअर मीटरचा काटा इंजिनचा वेग वाढवल्यावर उणेकडे जात असेल तर त्याच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. बॅटरी पुन्हा सोडून त्या अदलाबदल कराव्यात.

जुन्या ट्रॅक्टरचे पॅनेलही याच रीतीने निघते. तिथे स्पीड मीटरच्या जागी तास मोजणारा मीटर असतो आणि त्याची केबल बऱ्याच ट्रॅक्टरांत इंजिनाकडून येते. ट्रॅक्टरचे ऑईल आणि फिल्टर बदलायचा हिशेब या तासांवर असतो, तेव्हा पॅनेल काढण्यापूर्वी मीटरवरचे तास वहीत लिहून ठेवावेत आणि मीटर नवा बसवला तर त्या दिवशीची तारीखही लिहावी.